सूर्यप्रकाशाची बेगमी : लहान सौरसंचाची जोडणी व परीक्षा

चैत्र-वैशाखाच्या उन्हात पापड, कुरडया व सांडगे वाळवून पावसाळ्याची बेगमी करून ठेवण्याची चाल आपल्या घरांतून फार जुनी आहे. ज्या उन्हाने ही वाळवणे होतात तेच ऊन आता विजेच्या रूपाने दिवसा साठवून रात्री वापरता येते. एक पॅनेल, एक बॅटरी, एक कंट्रोलर आणि दोन-तीन दिवे एवढ्या सामानाने एका लहान घराची रात्र उजळते व मुलांचा अभ्यास होतो. मात्र दोन बेगम्यांत एक भेद आहे. कुरडई बिघडली तर एका जेवणाचे नुकसान होते. परंतु साठविलेली वीज अजाणतेपणे हाताळली तर हात भाजतो, डोळ्यास इजा होते, प्रसंगी घरासही आग लागते. यास्तव हा लहानसा संच कसा जोडावा व जोडल्यावर त्याची परीक्षा कशी घ्यावी, याचा पाठ आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

हा पाठ केवळ कुतूहलाचा आहे असे कोणी समजू नये. सन २०१७ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने ‘सौभाग्य’ या नावाची योजना आरंभिली. ज्या दुर्गम वस्त्यांपर्यंत विजेचे खांब नेणे कठीण, तेथील घरांस २०० ते ३०० वॅटचा स्वतंत्र सौरसंच द्यावा असे तीत ठरले होते. त्या संचात पाच एल.ई.डी. दिवे, एक पंखा व एक प्लग असून देखभालीची हमी पाच वर्षांची होती. ती योजना सन २०२२ च्या मार्चअखेर संपली. आता विचार असा करावयाचा की, पाच वर्षे लोटल्यावर त्या संचाचा वाली कोण? पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकते, पण बॅटरी तितकी टिकत नाही. ती बदलण्याची वेळ आली म्हणजे जुन्या तारा सोडविणे व नव्या जोडणे हे काम कोणा तरी माणसाच्या हातूनच व्हावयाचे असते. तो हात जाणता असेल तर दिवा पुन्हा लागतो. अजाणता असेल तर एक तर संच अडगळीत जातो, नाही तर अपघात होतो.

हे ज्ञान खेड्यातील साध्या माणसांस झेपणारे आहे, याची उदाहरणे आपल्याच प्रांताच्या अनुभवात आहेत. मुंबईच्या पवई येथील आय.आय.टी. ने सन २०१४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी दहा लाख सौर अभ्यासदिव्यांची योजना हाती घेतली. विद्यार्थ्यास तो दिवा १२० रुपयांस मिळे. त्या योजनेत आम्हांस विशेष वाटते ते असे की, हे दिवे जोडण्याचे व दुरुस्त करण्याचे काम त्या त्या भागातील ग्रामस्थांस शिकवून त्यांच्याच हातून करविण्यात आले. दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातील दरेवाडीचे. तेथे सन २०१२ मध्ये सुमारे ९ किलोवॅटचे सामायिक सौर वीजकेंद्र उभे राहिले व ते सांभाळण्याचे काम गावकऱ्यांनी आपल्याकडे घेतले. तात्पर्य, यंत्र बाहेरून येऊ शकते. ते राखण्याची विद्या मात्र घरात असावी लागते.

संचाचे चार अवयव

पहिला अवयव पॅनेल. प्रकाश पडला असता काही पदार्थांत विद्युत् उत्पन्न होते, हे फ्रान्समधील एदमों बेकरेल याने सन १८३९ मध्ये पाहिले. पण उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सन १९५४ मध्ये झाला. आपण येथे ५० वॅटचे पॅनेल धरू. त्यात बहुधा ३६ लहान घट एकापुढे एक मालेप्रमाणे जोडलेले असतात. काही न जोडता भर उन्हात मोजले तर त्याचा दाब सुमारे २१ व्होल्ट भरतो, व पूर्ण काम करताना त्यातून सुमारे ३ अँपिअर प्रवाह मिळतो.

दुसरा अवयव बॅटरी. शिसे व गंधकाम्ल यांची पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी गास्तों प्लांते याने सन १८५९ मध्ये केली, आणि तिचाच सुधारलेला प्रकार आजही घरोघर इन्व्हर्टरखाली दिसतो. आपण १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांची बॅटरी धरू.

तिसरा अवयव चार्ज कंट्रोलर. हा या संचाचा कारभारी होय. बॅटरी भरली म्हणजे तो पॅनेलचा प्रवाह आवरतो, आणि ती फार उतरली म्हणजे दिवे बंद करून तिचे रक्षण करतो. आपल्या संचास १० अँपिअरचा कंट्रोलर पुरे. चौथा अवयव म्हणजे दिवे, त्यांच्या तारा, स्विच व फ्यूज. लोक याच अवयवाकडे सर्वांत कमी लक्ष देतात, आणि आगीचा उगम पुष्कळदा येथेच असतो.

आधी हिशेब

बाजारात जाण्यापूर्वी पाटीवर हिशेब करावा. ५ वॅटचे तीन दिवे रोज ५ तास लावावयाचे, म्हणजे ३ × ५ × ५ = ७५ वॅट-तास. मोबाईल भरण्यास १० वॅट-तास धरले तर एकूण ८५ होतात. बॅटरीत वीज घालताना व काढताना शंभरातील सुमारे वीस भाग वाया जातात असे धरले तर पॅनेलने रोज सुमारे १०६ वॅट-तास दिले पाहिजेत.

आता जमेची बाजू पाहू. कोरड्या ऋतूत दिवसभराचे ऊन एकत्र केले तर ते ५ तासांच्या भर उन्हाइतके होते असे मानू. पॅनेल तापते, त्यावर धूळ बसते, यास्तव दहा आण्यांतून सात आणेच हाती येतात असे धरावे. तेव्हा ५० × ५ × ०.७ = १७५ वॅट-तास; खर्चापेक्षा जमा अधिक. परंतु आषाढात इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे आभाळ दिवसचे दिवस उघडत नाही. त्या वेळी २ तासांचेच ऊन धरले तर ५० × २ × ०.७ = ७० वॅट-तास एवढीच जमा होते. त्यात तीन दिवे पाच तास चालणार नाहीत. एक दिवा व मोबाईल मात्र सुखाने चालेल. संसारात जसे जमेप्रमाणे खर्च करणे शहाणपणाचे, तसेच येथेही आहे.

बॅटरीचा साठा १२ × ४० = ४८० वॅट-तास. शिशाची बॅटरी रोज तळापर्यंत उपसली तर तिचे आयुष्य लवकर संपते. म्हणून अर्धा साठाच, म्हणजे २४० वॅट-तास, वापरावयाचा. एवढ्यावर दोन ढगाळ दिवस निभावतात.

बारा व्होल्टचा धोका कशात आहे

पुष्कळ लोक म्हणतात, ‘‘बारा व्होल्ट तर आहेत, त्यांनी काय होणार!’’ हे अर्धेच खरे आहे. कोरड्या हातास १२ व्होल्टचा धक्का बहुधा जाणवत नाही. परंतु बॅटरीचा धोका दाबात नसून प्रवाहात आहे. ओहमचा नियम आमचे वरच्या वर्गांतील विद्यार्थी जाणतात : दाबास रोधाने भागले असता प्रवाह मिळतो. बॅटरीच्या पोटातील रोध फारच थोडा असतो. तो ०.०२ ओहम धरला, आणि एखादा लोखंडी पाना तिच्या दोन्ही खुंट्यांवर आडवा पडला, तर १२ ÷ ०.०२ = ६०० अँपिअर प्रवाह त्या पान्यातून वाहू पाहील. घरातील साध्या प्लगमधून ५ अँपिअर वाहतात हे ध्यानात आणले म्हणजे या संख्येचे भय कळेल. पाना क्षणात तापतो, ठिणग्या उडतात. बोटात अंगठी असून ती मध्ये सापडली तर बोटच भाजून निघते. म्हणून बॅटरीजवळ काम करताना अंगठी, बांगडी, घड्याळ व गळ्यातील साखळी काढून ठेवावी. आणि पान्याच्या दांड्यास टेप गुंडाळावी.

दुसरा धोका वायूचा. शिशाची बॅटरी भरत असता तीतून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा ४ झाले की तो ठिणगीने पेट घेऊ शकतो. म्हणून बॅटरी खेळत्या हवेत असावी. चुलीजवळ, देवघरातील समईजवळ किंवा बंद पेटाऱ्यात ठेवू नये. तिच्यातील गंधकाम्ल डोळ्यांत उडाले तर वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा व विलंब न लावता दवाखाना गाठावा. काम करताना चष्मा हवाच; आणि पाण्याची बादली व खाण्याचा सोडा हाताशी असावा. सोडा जमिनीवर सांडलेल्या आम्लासाठी आहे, डोळ्यासाठी नव्हे.

तिसरा धोका सैल सांध्याचा. एखाद्या सांध्यात अर्ध्या ओहमचा रोध उत्पन्न झाला व त्यातून ३ अँपिअर वाहिले, तर ३ × ३ × ०.५ = ४.५ वॅट उष्णता तेथे निर्माण होते. म्हणजे जवळजवळ एका दिव्याची शक्ती टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत नुसती तापत राहते. प्लॅस्टिक मऊ होते, काळे पडते, आणि शेजारी वाळलेले गवत किंवा कापड असले तर पुढे काय होईल ते सांगावयास नको.

चौथी गोष्ट स्विचची. घरच्या विजेचा प्रवाह दर सेकंदास १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. बॅटरीचा प्रवाह मात्र एकाच दिशेने अखंड वाहतो. त्याची ठिणगी चिवट असते. म्हणून स्विच व फ्यूज घेताना त्यांवर ‘डी.सी.’ अशी नोंद आहे की नाही हे पाहूनच घ्यावे.

तारा व फ्यूज

५ वॅटचा दिवा २३० व्होल्टवर लावला तर त्यास अँपिअरचा सुमारे पन्नासावा भागच लागेल. तोच १२ व्होल्टवर त्याच्या सुमारे एकोणीसपट प्रवाह मागतो. म्हणून येथे तारा जाड हव्यात. पॅनेलपासून कंट्रोलर ८ मीटर दूर असेल तर जाण्यायेण्याची तार १६ मीटर झाली. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेस मीटरमागे सुमारे ०.००७ ओहम रोध असतो. १६ मीटरांस ०.११ ओहम. ३ अँपिअर वाहताना एक तृतीयांश व्होल्टच हरवतो. तीच तार ०.७५ चौरस मिलिमीटरची घेतली तर एक व्होल्टाहून अधिक वाटेतच नाहीसा होतो. तारेत चार पैसे वाचविणारा मनुष्य रोज संध्याकाळी प्रकाश गमावतो.

फ्यूज म्हणजे या घराचा द्वारपाल. त्याचे काम दिव्याचे रक्षण करणे हे नसून तारेचे रक्षण करणे हे आहे : तार तापून पेटण्यापूर्वी आपण वितळून जावे, एवढेच त्याचे व्रत. म्हणून तो बॅटरीच्या धन खुंटीपासून एका वितीच्या आतच बसवावा. बॅटरी व फ्यूज यांच्यामधील तारेस कोणी रक्षक नसतो, म्हणून ती शक्य तितकी आखूड असावी. आपल्या संचास मोटारगाडीत वापरतात तसा चपट्या पात्यांचा १० अँपिअरचा फ्यूज येथे योग्य. दिव्यांच्या ओळीस निराळा ५ अँपिअरचा असावा. फ्यूज उडाला तर त्याच्या जागी तारेचा तुकडा किंवा चांदीचा कागद कधीही घालू नये. द्वारपालास हाकलून दार उघडे टाकल्याने चोर गेला असे होत नाही.

जोडणीचा क्रम

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे काम विद्यार्थ्याने एकट्याने करावयाचे नाही. जाणते वडील माणूस शेजारी पाहिजे. छपरावर चढण्याचे काम तर मोठ्यांनीच करावे. जुना सिमेंटचा पत्रा पायाखाली अचानक फुटतो, आणि वळवाचे ढग गडगडू लागले असता छपरावर कोणीच थांबू नये. धातूच्या चौकटीस जमिनीशी जोडण्याचे, म्हणजे अर्थिंगचे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून बसवावे. दक्षिण कोणती, हे सूर्यच सांगतो. भारताचे घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेले आहे व नाशिक सुमारे ७३.८ अंशांवर आहे. म्हणून आपल्याकडे खरी मध्यान्ह सरासरीने ३५ मिनिटे उशिरा होते. हिवाळ्यात जमिनीवर एक काठी सरळ उभी करून साडेबाराच्या आगेमागे तिच्या सावलीच्या टोकाशी खुणा कराव्या. सर्वांत आखूड सावली उत्तर दाखविते. तिच्या उलट दक्षिण. (मेच्या अखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेस असतो, तेव्हा हीच सावली दक्षिणेस पडते, हे विसरू नये.) नाशिकचा अक्षांश सुमारे २० अंश असल्याने पॅनेलचा उतारही तेवढाच द्यावा : १०० सेंटिमीटर लांबीमागे वरची कड ३४ सेंटिमीटर उंच. झाडाची अगर टाकीची सावली मुळीच पडू नये. घट मालेने जोडलेले असल्यामुळे एका घटावरील सावली साऱ्या ओळीस अडविते.

पॅनेलास स्विच नसतो. ऊन पडले की ते जागे होते. म्हणून तारा जोडताना त्यावर जाड घोंगडी पसरावी. आता क्रम असा :

पहिल्याने, फ्यूज काढून बाजूस ठेवावा व सर्व स्विच बंद करावे.

दुसऱ्याने, तारांची टोके सोलून त्यांवर योग्य मापाचे लग पकडीने घट्ट दाबावे. लाल तार धन व काळी तार ऋण, हा नियम साऱ्या घरात एकच ठेवावा.

तिसऱ्याने, बॅटरीकडील दोन्ही तारा आधी कंट्रोलरच्या बॅटरी-चिन्हाच्या जागी कसाव्या व मग त्यांची दुसरी टोके बॅटरीस लावावी. एका वेळी एकाच तारेस हात लावावा. धन व ऋण बरोबर आहेत असे मापून पाहिल्यावर अखेरीस फ्यूज बसवावा. बॅटरी प्रथम जोडण्याचे कारण असे की, पुष्कळसे कंट्रोलर तिचाच दाब पाहून आपले काम ठरवितात.

चौथ्याने, पॅनेलच्या तारा जोडाव्या व मग घोंगडी काढावी. पाचव्याने, दिव्यांची ओळ जोडावी.

संच सोडविताना हाच क्रम उलटा करावा : आधी दिवे, मग पॅनेल, शेवटी बॅटरी.

परीक्षा

आमच्या मते या पाठाचे सार एका वाक्यात आहे : मापल्यावाचून जोडू नये, आणि जोडल्यावर पुन्हा मापावे. डोळ्यांना सर्व तारा सारख्याच दिसतात. मल्टिमीटर तेवढा खरे सांगतो. मात्र त्याची लाल तार नेहमी व्होल्टच्या भोकातच असावी. ती अँपिअरच्या भोकात ठेवून टोके बॅटरीस लावणे म्हणजे पाना आडवा टाकण्यासारखेच आहे. प्रवाह किती ते कंट्रोलरच्या पडद्यावर वाचावे. विद्यार्थ्यांनी मल्टिमीटरने तो मोजण्याच्या भरीस पडू नये.

जोडण्यापूर्वी चार कसोट्या घ्याव्या. एक : प्रत्येक तार हलकेच ओढून पाहावी, लग निसटला तर तो पुन्हा दाबावा. दोन : दिवे काढून ठेवून त्यांच्या ओळीच्या लाल व काळ्या तारांवर मीटरची घंटी लावावी. घंटी वाजली तर कोठे तरी तारा एकमेकींस चिकटल्या आहेत. तो दोष काढल्याखेरीज पुढे जाऊ नये. तीन : बॅटरीचा दाब मापावा. काही तास विसावलेली शिशाची बॅटरी पूर्ण भरली असेल तर १२.६ ते १२.८ व्होल्ट, अर्धी असेल तर सुमारे १२.२, आणि ११.९ किंवा कमी असेल तर ती जवळजवळ रिकामी समजावी. चार : पॅनेलचा दाब उन्हात मापावा. येथे मीटर २० च्या नव्हे तर २०० व्होल्टच्या मापावर ठेवावा, कारण अंक २१ च्या जवळपास येतो. अंकामागे उणे चिन्ह दिसले तर धन-ऋण उलटे आहेत. तारा बदलून पुन्हा मापावे.

जोडल्यानंतर तीन कसोट्या. पहिली, घोंगडी काढल्यावर बॅटरीचा दाब हळूहळू वाढला पाहिजे. पूर्ण भरत आल्यावर तो सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत जातो. १५ च्या वर गेला तर कंट्रोलर बिघडला असे समजून पॅनेल झाकावे व ते सोडवावे. दुसरी, सर्व दिवे लावून बॅटरीजवळचा व शेवटच्या दिव्याजवळचा दाब मापावा. दोहोंत ०.६ व्होल्टहून अधिक अंतर असेल तर तार बारीक आहे किंवा सांधा सैल आहे. तिसरी, अर्ध्या तासाने प्रत्येक सांध्याजवळील तारेचे आवरण हाताच्या मागील बाजूने स्पर्शून पाहावे. जेथे ऊब लागेल तेथेच शत्रू दडलेला आहे.

हे सर्व अंक तारीख घालून वहीत लिहावे व महिन्यातून एकदा तीच मापे पुन्हा घ्यावी. मागील महिन्याच्या अंकाशी आजचा अंक ताडून पाहिला म्हणजे बॅटरीचे दुखणे ती मरण्यापूर्वीच कळते. पॅनेल सकाळी थंड असताना साध्या पाण्याने पुसावे. बॅटरीत पाणी घालण्याची सोय असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घालावे, विहिरीचे किंवा नळाचे नव्हे.

तीन मर्यादा

सांप्रत लिथियमच्या बॅटऱ्याही बाजारात आल्या आहेत. त्या हलक्या व दीर्घायुषी असतात, परंतु वर दिलेले विसाव्याचे व भरण्याचे अंक त्यांस लागू नाहीत. कंट्रोलर त्या जातीस योग्य आहे व तसा लावलेला आहे याची खात्री केल्यावाचून त्या जोडू नये. फुगलेली बॅटरी तर भरूच नये, उघडूही नये.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. या संचाच्या किंवा इन्व्हर्टरच्या तारा घरातील महावितरणच्या तारांस परस्पर कधीही जोडू नये. गावची वीज गेली असता अशा जोडणीतून इन्व्हर्टरची वीज उलट वाटेने बाहेर जाऊ शकते. रोहित्र तिचा दाब वाढविते, आणि ‘लाइन बंद आहे’ या भरवशावर खांबावर चढलेल्या लाइनमनचा प्राण जातो. आपल्या घरच्या एका दिव्यासाठी दुसऱ्याच्या घरचा दिवा विझावा, याहून मोठे पाप कोणते? २३० व्होल्टचे काम परवानाधारकाचेच होय.

तिसरी मर्यादा जुन्या बॅटरीची. शिसे हे विष आहे, आणि लहान मुलांच्या मेंदूस ते विशेष घातक आहे. जुनी बॅटरी परसात फोडून शिसे वितळविणे किंवा आम्ल ओढ्यात ओतणे हा आपल्याच लेकरांवरील अन्याय होय. सन २०२२ च्या नियमांप्रमाणे अशा बॅटऱ्या परत घेऊन त्यांची रीतसर विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून नवी घेताना जुनी दुकानदाराकडे द्यावी व तिचा मोबदला किमतीतून वळता करून घ्यावा.

उपसंहार

विद्यार्थीमित्रहो, एकोणिसाव्या शतकात आपल्या नाशिकच्या शरणपुरात गुलामगिरीतून सोडविलेली आफ्रिकन मुले राहत असत. तेथे त्यांस अक्षरांबरोबर सुतारकी-लोहारकीसारखे हातचे धंदेही शिकविण्यात येत, कारण परक्या मुलखात आपल्या पायावर उभे राहण्यास बुद्धी व हात दोन्ही लागतात. आजच्या काळात पान्याशेजारी मल्टिमीटर येऊन बसला आहे, एवढाच फरक. ओहमचा नियम परीक्षेत लिहून गुण मिळविणे चांगलेच. परंतु तोच नियम वापरून आजीच्या खोलीतील दिव्याची तार योग्य जाडीची निवडणे ही त्याहून वरची इयत्ता होय.

पालकांस आमची विनंती इतकीच की, मुलगा किंवा मुलगी ही कामे शिकू पाहील तेव्हा ‘‘तुला काय कळते, हात लावू नकोस’’ असे म्हणून त्यांस दूर लोटू नये, आणि ‘‘कर तुला येईल तसे’’ म्हणून एकटेही सोडू नये. शेजारी बसावे, अंगठी काढली का, चष्मा घातला का, फ्यूज बाजूस आहे का, हे विचारावे, आणि मुलीने मीटरवरील अंक मोठ्याने वाचला की तो वहीत आपण लिहावा. अशा रीतीने ज्या घरात मापणारे दोन डोळे व लिहिणारा एक हात तयार होईल, त्या घरातील दिवा हमीची मुदत संपल्यावरही विझणार नाही.